नावाआधी काम

नोकरीचा अर्ज आला, कुणाला व्याख्यानाला बोलवायचे ठरले किंवा एखाद्या सल्लागाराकडे काम सोपवायचे झाले, की समोरचा माणूस आधी त्या व्यक्तीचे नाव गूगलवर आणि लिंक्डइनवर टाकून पाहतो. हुद्दा, शिक्षण, केलेली कामे, लिहिलेला मजकूर, सहकाऱ्यांचे अभिप्राय, कधी दहा वर्षांपूर्वीच्या सहलीचा फोटो, असे जे काही तिथे सापडते त्यावरून तो मनाशी एक अंदाज बांधतो. हा अंदाज म्हणजे त्या व्यक्तीची ऑनलाइन व्यावसायिक ओळख. तिलाच हल्ली ‘पर्सनल ब्रँड’ म्हणतात. ती मुद्दाम घडवली नाही तरी असतेच, कारण नाव शोधून काहीच न सापडणे यावरूनही लोक अंदाज बांधतात.

कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. अल रीस आणि जॅक ट्राउट या जाहिरात व्यवसायातल्या जोडीने १९८१ साली ‘पोझिशनिंग’ हे पुस्तक लिहिले. साबण आणि मोटारींप्रमाणे माणसालाही आपल्या कारकिर्दीची जागा लोकांच्या मनात पक्की करता येते, असे त्यात एका प्रकरणात सांगितले होते. पण शब्द रूढ झाला तो टॉम पीटर्स यांच्यामुळे. १९९७ साली ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकात त्यांचा ‘द ब्रँड कॉल्ड यू’ हा लेख आला. त्याआधीच्या दशकभरात अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी मोठी नोकरकपात केली होती. एका कंपनीत लागायचे आणि तिथूनच निवृत्त व्हायचे, हा अलिखित करार मोडला होता. कंपनी तुम्हाला सांभाळणार नसेल तर तुम्ही स्वतःलाच एक कंपनी समजा, हा पीटर्स यांच्या म्हणण्याचा गाभा. आपल्याकडे ज्या पिढीने बँकेत, रेल्वेत किंवा एसटीत तीस-पस्तीस वर्षे काढली तिला हे विचित्र वाटले असते. तिची ओळख संस्थेच्या नावातच होती. उदारीकरणानंतर दर तीन-चार वर्षांनी कंपनी बदलणाऱ्यांची संख्या वाढली आणि संस्थेबाहेर टिकणारी ओळख इथेही गरजेची झाली.

या गरजेला जागा दिली लिंक्डइनने. मे २००३ मध्ये ही सेवा सुरू झाली, २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ती २६.२ अब्ज डॉलरना घेतली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने शंभर कोटी सदस्यांचा टप्पा ओलांडला. सदस्यसंख्येत अमेरिकेनंतर भारताचाच क्रमांक लागतो. मराठीतून वापरण्याची सोयही २०२४ पासून आहे, पण तिथला व्यवहार अजून बहुतेक इंग्रजीतच चालतो.

अशा ओळखीचा नोकरीसाठी खरोखर उपयोग होतो का, आणि होतो तर कसा, याचे उत्तर इंटरनेटच्या कितीतरी आधी शोधले गेले. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारले, की ज्याच्याकडून ही नोकरी कळली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? आठवड्यातून दोनदा किंवा अधिक, असे सांगणारे सुमारे १७ टक्के निघाले. अधूनमधून भेट होणारे सुमारे ५६ टक्के होते आणि क्वचितच भेट होणारे २८ टक्के. जिवलग मित्र आणि नातेवाईक मदतीला तत्पर असतात, पण त्यांना तेच ठाऊक असते जे आपल्यालाही ठाऊक असते. जुन्या कंपनीतला दुसऱ्या विभागाचा माणूस, कॉलेजातला एक वर्ष पुढचा विद्यार्थी, एखाद्या परिषदेत चहाच्या वेळी भेटलेली व्यक्ती, असे लोक वेगळ्या वर्तुळात वावरतात आणि तिथली बातमी आणतात.

ही निरीक्षणे पुढे प्रत्यक्ष प्रयोगात तपासली गेली. लिंक्डइनवर ‘या व्यक्ती तुमच्या ओळखीच्या असतील’ अशी यादी दिसते. २०१५ ते २०१९ या काळात ती यादी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या पद्धतीने दाखवली गेली आणि सुमारे दोन कोटी सदस्यांचे पुढे काय झाले ते पाहिले गेले. ‘सायन्स’ नियतकालिकात सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार जवळच्या ओळखींपेक्षा काहीशा दूरच्या ओळखींतून नोकरी बदलण्याची शक्यता जास्त होती. अगदीच नावापुरत्या ओळखींचा मात्र फायदा कमी होत गेला. सदस्यांना न कळवता त्यांच्यावर असा प्रयोग करावा का, यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. या अभ्यासातला एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. दूरच्या ओळखींचा हा फायदा संगणकावर आधारलेल्या उद्योगांत ठळक होता. जिथे काम तितके संगणकावर चालत नाही तिथे जवळच्या ओळखीच अधिक कामी आल्या. म्हणजे पुण्यातल्या सॉफ्टवेअर अभियंत्याला ऑनलाइन ओळखीतून जेवढे मिळेल तेवढे चाकणच्या कारखान्यातल्या टूल रूममध्ये काम करणाऱ्याला मिळेलच असे नाही. तिथे जुन्या सुपरवायझरचा एक फोन अजून भारी पडतो.

दूरच्या माणसाला आपण आठवायला हवेत, आणि त्याने विश्वास ठेवावा असे काहीतरी त्याच्यासमोर असावे लागते. दुसरी गोष्ट अवघड आहे. ग्रॅनोव्हेटरचा लेख आला त्याच वर्षी मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने ती नेमकी मांडली. पुढे २००१ सालच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही, त्यामुळे तो खुणांवर अवलंबून राहतो. खूण उपयोगी तेव्हाच ठरते, जेव्हा ती मिळवणे कुवत नसलेल्याला महाग पडते. ‘मेहनती’, ‘नेतृत्वगुण असलेला’, ‘चौकटीबाहेर विचार करणारा’ हे शब्द लिहायला कुणालाच काही खर्च येत नाही, म्हणून वाचणाऱ्याच्या लेखी त्यांना किंमत नसते. चालू स्थितीतला संगणक प्रोग्रॅम, बांधून झालेल्या पुलाचा आराखडा, छापून आलेला शोधनिबंध किंवा वर्गात शिकवतानाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ यांचे तसे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर गुळगुळीत इंग्रजीतला परिचय हीदेखील फुकटात मिळणारी वस्तू झाली आहे. पूर्वी चांगले लिहिलेले निवेदन निदान लिहिणाऱ्याच्या भाषेची साक्ष देत असे. आता तेवढेही देत नाही. त्यामुळे केलेल्या कामाच्या पुराव्याचे वजन वाढले आहे.

मराठी घरांत या विषयाला संकोचाचा अडसर असतो. स्वतःची स्तुती स्वतःच करणाऱ्याला समर्थ रामदासांनी दासबोधातल्या मूर्खलक्षणांत गणले आहे आणि वडिलांची कीर्ती सांगणाऱ्यालाही त्याच यादीत घेतले आहे. हा संकोच टाकायची काही गरज नाही; उलट तो चांगला संपादक ठरतो. ‘मी उत्तम अभियंता आहे’ हे वाक्य तो काढून टाकील आणि ‘या पंपाचा वीजवापर कमी करायला काय केले, कुठे अडले आणि काय जमले नाही’ हा मजकूर ठेवील. वाचणाऱ्यालाही दुसराच हवा असतो.

ओळख घडवण्याची सुरुवात ती कुणाच्या नजरेसाठी आहे हे ठरवण्यापासून होते. नोकरी हवी असेल तर नजर भरती करणाऱ्यांची असते, ग्राहक हवे असतील तर ग्राहकांची, संशोधनात पुढे जायचे असेल तर त्या विषयातल्या पन्नास-शंभर अभ्यासकांची. हे न ठरवता सगळीकडे खाती उघडणारे पुष्कळ असतात. सहा महिन्यांत त्यांतली पाच ओस पडतात, आणि ओस पडलेले खाते नसलेल्या खात्यापेक्षा वाईट दिसते.

भरती करणारी माणसे शब्दांनी शोधतात, हे लक्षात घेतले तर परिचय कसा लिहावा हे आपोआप कळते. त्यांच्यापुढच्या रकान्यांत हुद्दा, कौशल्य, शहर, अनुभवाची वर्षे असे निकष असतात. लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची मर्यादा आहे. तिथे ‘स्वप्नांना आकार देणारा’ असे लिहिणारा सिव्हिल इंजिनिअर ‘सिव्हिल इंजिनिअर’ या शोधात मागे पडतो. ‘सिव्हिल इंजिनिअर, धरण व कालवे, नाशिक, १२ वर्षे’ अशी रुक्ष ओळ सापडते. ‘परिचय’ या भागात २६०० अक्षरे मावतात, पण उघडल्याबरोबर त्यांतल्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, म्हणून मुख्य काम तिथेच यायला हवे. आकडे असतील तर लिहावेत: किती माणसांचा गट सांभाळला, किती टनांची क्रेन बसवली, किती गावांत सर्वेक्षण केले. फोटो अलीकडचा आणि चेहरा स्पष्ट दिसेल असा असावा. लग्नातल्या फोटोतून कापून काढलेला, खांद्यावर दुसऱ्या कुणाचा हात असलेला फोटो अजूनही बराच आढळतो.

नावाचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा किचकट आहे. संतोष पाटील किंवा स्नेहा कुलकर्णी या नावाची माणसे शेकड्यांनी सापडतात. मधले नाव, निदान त्याचे आद्याक्षर, कायम जोडले तर वेगळेपण राहते. ‘ज्योत्स्ना’सारखे नाव रोमन लिपीत कितीतरी तऱ्हांनी लिहिले जाते. पदवी प्रमाणपत्रावर एक, पासपोर्टवर दुसरे आणि लिंक्डइनवर तिसरे स्पेलिंग असले, तर शोधणाऱ्याला तीन माणसे दिसतात आणि कागदपत्रे तपासणाऱ्याला शंका येते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांचे नुकसान याहून मोठे असते, कारण आधीचे निबंध, पुरस्कार, प्रकल्प जुन्या नावावर राहून जातात. संशोधकांसाठी यावर चांगला उपाय आहे. २०१२ साली सुरू झालेली ‘ऑर्किड’ ही संस्था प्रत्येकाला सोळा अंकी क्रमांक मोफत देते. नाव बदलले, विद्यापीठ बदलले तरी क्रमांक तोच राहतो आणि सगळे निबंध त्याला जोडता येतात. इतर व्यवसायांत अशी सोय नाही. तिथे दोन्ही आडनावे लावणे किंवा कामापुरते जुनेच नाव चालू ठेवणे एवढेच हातात असते.

पुरावा कुठे मांडायचा, हे व्यवसायानुसार बदलते. प्रोग्रॅमर गिटहबवर आपला कोड ठेवतात. तिथे कुणी काय लिहिले, कुणाची चूक कुणी दुरुस्त केली, वाद झाल्यावर तो कसा मिटवला, हे सगळे तारखेनिशी दिसते. एखाद्या मुक्त स्रोत प्रकल्पात केलेली छोटी पण स्वीकारली गेलेली दुरुस्ती स्वतःच्या दहा अर्धवट प्रकल्पांपेक्षा जास्त सांगून जाते, कारण ती दुसऱ्या कुणीतरी तपासलेली असते. चित्रकार आणि डिझायनर बिहान्सवर काम लावतात, विदा विश्लेषक कॅगलच्या स्पर्धांत उतरतात, संशोधकांची निबंधसूची गूगल स्कॉलरवर तयार होते. शिक्षक, शेतीसल्लागार, करसल्लागार यांच्यासाठी यूट्यूब आहे, आणि इथे मराठीचा थेट फायदा होतो. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला डाऊनी रोगावरची फवारणी मराठीत समजावून सांगणाऱ्या कृषी पदवीधराचा ग्राहक इंग्रजी व्हिडिओवर येणारच नाही.

काही व्यवसायांत पुरावा दाखवणेच कठीण असते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतले आराखडे कंपनीच्या मालकीचे असतात, बँकेतली प्रकरणे गोपनीय असतात, औषध कंपनीतल्या चाचण्यांविषयी बाहेर बोलता येत नाही. कारखान्यातल्या नव्या यंत्रासमोर काढलेला अभिमानाचा फोटो मागच्या फलकावरच्या आकड्यांमुळे अंगाशी येऊ शकतो. अशांनी कामाची पद्धत लिहावी, तपशील नव्हे: गुणवत्ता तपासणीत दोषाचे मूळ कसे शोधतात, सहा शिफ्टचे वेळापत्रक कसे बसवतात, नव्या कामगाराला काय आधी शिकवावे. हे ज्ञान त्यांचे स्वतःचे असते आणि त्यावर कंपनीची मालकी सहसा नसते.

नियमित लिहावे, हा सल्ला सगळेच देतात. लिंक्डइनवर त्यातून एक विचित्र साहित्यप्रकार जन्माला आला आहे: एकेका वाक्याचा परिच्छेद, मुलाखतीला उशिरा आलेला गरीब उमेदवार, तोच पुढे कंपनीचा मालक निघणे आणि शेवटी ‘सहमत आहात का?’ अशा लेखनाला पसंतीची बटणे मिळतात, काम मिळाल्याचे क्वचितच दिसते. दोन महिन्यांतून एकदा, पण आपल्या विषयावर नेमके लिहिलेले टिपण जास्त दिवस सापडत राहते. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी इतरांच्या लेखांखाली माहितीपूर्ण प्रतिक्रिया दिली तरी पुरते. विषयातली जाणती माणसे त्या वाचतात, आणि ग्रॅनोव्हेटर म्हणतो त्या दूरच्या ओळखी बहुतेक तिथेच जुळतात. शिफारशींचेही तसेच आहे. एका टिचकीने दिलेल्या कौशल्याच्या पावत्या कुणी गंभीरपणे घेत नाही; जुन्या वरिष्ठाने किंवा ग्राहकाने चार ओळींत, कुठले काम एकत्र केले ते सांगून लिहिलेली शिफारस घेतात.

काही व्यवसायांना मात्र कायद्याच्या मर्यादा आहेत, आणि ऑनलाइन ब्रँडचे वर्ग घेणारे त्या सांगतातच असे नाही. वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ ने मनाई आहे. २००८ च्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढी ठरावीक माहिती देता येते. वकिलांना गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांवर कारवाई करण्याचा आदेश जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दिला. डॉक्टरांना २००२ चे आचारनियम लागू आहेत आणि त्यांनुसार रुग्ण ओढण्यासाठी प्रसिद्धी करता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने समाजमाध्यमांसाठी स्वतंत्र मार्गदर्शनासह नवे नियम आणले होते, पण तीन आठवड्यांतच ते स्थगित झाले. चार्टर्ड अकाउंटंटवर १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे बंधन आहे. या सर्वांना विषय समजावून सांगणे मोकळे आहे, ‘माझ्याकडे या’ म्हणणे नाही. सीमारेषा बारीक असते आणि नियम बदलतात, म्हणून आपल्या परिषदेचे ताजे परिपत्रक वाचल्याशिवाय रील टाकू नये हे बरे.

सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये शासन निर्णय काढला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, सरकारवर टीका करू नये, आणि योजनेच्या यशाबद्दल लिहिताना स्वयंप्रशंसा टाळावी असे त्यात आहे. समर्थांचे म्हणणे असे साडेतीनशे वर्षांनी शासन निर्णयात आले.

पैसे किंवा वस्तू घेऊन एखाद्या कंपनीची भलामण करायची असेल, तर ते उघड सांगावे लागते. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांसाठी सेबीचे नियम आणखी कडक आहेत: नोंदणीशिवाय मोबदला घेऊन शेअर सुचवता येत नाहीत, मग सूर कितीही मैत्रीचा असो.

धोके बहुतेक वेळा आपल्याच हातून येतात. २०१२ साली याहूचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्कॉट थॉम्सन यांना पद स्वीकारल्यावर काही महिन्यांतच जावे लागले, कारण त्यांच्या अधिकृत परिचयात संगणकशास्त्राची जी पदवी होती ती त्यांनी घेतलेली नव्हती. छाप पाडण्यासाठी टाकलेली एक ओळ अशी इतर सगळ्या खऱ्या कामावर पाणी फिरवते. भारतातही आयटी आणि वित्त क्षेत्रातल्या कंपन्या नेमणुकीआधी बाहेरच्या संस्थांकडून शिक्षण आणि पूर्वीच्या नोकऱ्यांच्या तारखा तपासून घेतात. त्यामुळे परिचयातल्या तारखा आणि अनुभवपत्रावरच्या तारखा जुळल्याच पाहिजेत. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका जनसंपर्क अधिकारी स्त्रीने लंडनहून केपटाउनच्या विमानात बसताना आफ्रिका आणि एड्सवर वंशभेदी विनोद ट्विटरवर टाकला. विमान हवेत असतानाच जगभर गदारोळ उठला आणि तिची नोकरी गेली. तेव्हा तिचे अनुयायी दोनशेच्याही खाली होते. आपल्याला वाचतेच कोण, हा दिलासा खोटा आहे.

जन्मतारीख, घरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक परिचयात द्यायची गरज नसते. बनावट नोकरीच्या नावाखाली ‘नोंदणी शुल्क’ मागणारे तिथूनच सावज शोधतात. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे मागत नाही.

शेवटची बाब तांत्रिक आहे, पण नोकरी सुटल्यावरच तिचे महत्त्व कळते. अनेकांनी लिंक्डइनचे किंवा गिटहबचे खाते कार्यालयाच्या ईमेलवर उघडलेले असते. राजीनाम्याच्या दिवशी तो ईमेल बंद होतो आणि पासवर्ड विसरला असेल तर दहा वर्षांच्या ओळखी आणि कामासह खातेही हातचे जाते. वैयक्तिक ईमेल आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक खात्याला आजच जोडून ठेवावा. सेटिंगमधून आपला सगळा मजकूर उतरवून घेता येतो, तोही वर्षातून एकदा घेऊन ठेवावा.